सेवा संस्थेचा संगणक आणि त्याची वापरपुस्तिका

(राहाता येथे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे सचिव, ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाविषयी आजवर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकली असतील. संगणक काय काय करू शकतो, त्यामुळे कारभार किती गतिमान होतो, हे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. संगणकासोबत येते, किंवा यावयास हवी असते, त्या पुस्तिकेविषयी मी आज बोलणार आहे. यंत्र आले, प्रणाली आली, दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, प्रशिक्षक आपल्या गावी परतले, आणि तिसऱ्या दिवशी सचिव एकटा पडद्यासमोर बसला. त्या वेळी त्याच्या हाताशी काय असते? बहुधा शंभर-दीडशे पानांची एक छापील अथवा संगणकातच दडलेली पुस्तिका असते, आणि ती कोणी उघडत नाही. दोष वाचणाऱ्याचा आहे असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याहून अधिक लिहवून घेणाऱ्याचा असतो.

हा विषय राहात्यात मांडण्यास सबळ कारण आहे. हा तालुका सहकाराच्या इतिहासात अग्रभागी असलेला तालुका आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. लोणी, गणेशनगर ही नावे कारखानदारीमुळे, बाभळेश्वर हे कृषि विज्ञान केंद्रामुळे सर्वपरिचित आहे. परंतु कारखान्याच्या धुराड्याआधी गावात आलेली संस्था म्हणजे पतपेढी. तिचीच आजची रूपे म्हणजे गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा संस्था. या प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केला. प्रारंभीचे उद्दिष्ट देशातील ६३,००० संस्थांचे आणि तरतूद २,५१६ कोटी रुपयांची होती. सर्व संस्थांनी एका समान प्रणालीवर हिशेब ठेवावेत, ही त्यामागील कल्पना असून अंमलबजावणीची धुरा नाबार्डकडे आहे. जुन्या नोंदी संगणकात भरणे, प्रशिक्षण आणि पुढील साहाय्य या बाबींचाही प्रकल्पात समावेश आहे. म्हणजे ज्या सचिवाने आयुष्यभर रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हाताने लिहिला, त्याच्यापुढे आता कळफलक आला आहे.

यात पणाला काय लागले आहे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. सभासद शेतकऱ्याने पीककर्ज घेतले आहे. तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाची मुदतीत परतफेड केल्यास व्याजाची सवलत मिळते, ही गोष्ट येथील प्रत्येक घरात ठाऊक आहे. समजा, मुदतीच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी शेतकऱ्याने रक्कम भरली आणि सचिवाने पावती दिली. त्याच वेळी वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सचिवाने ती रक्कम संगणकात भरली. अशा लेखाप्रणालींत सामान्यतः जो दिवस उघडलेला असेल त्याच दिवसाची तारीख नोंदीस लागते. पावती आदल्या दिवसाची, नोंद दुसऱ्या दिवसाची, आणि संगणकाच्या दृष्टीने शेतकरी थकबाकीदार! सवलत हातची जाते, पुढील हंगामाच्या कर्जाला अडथळा येतो, आणि कागद घेऊन तो माणूस तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालू लागतो. येथे यंत्र बिघडलेले नाही आणि सचिवानेही कामात कुचराई केलेली नाही. 'आदल्या दिवसाची रक्कम दुसऱ्या दिवशी भरावयाची झाल्यास काय करावे' हे सहा ओळींत सांगणारे पान पुस्तिकेत नव्हते, एवढेच घडले. अथवा ते होते, परंतु एकशे बाराव्या पानावर, 'विशेष व्यवहार' या मथळ्याखाली, जेथे पाहण्याचे कोणाच्याही मनात येणार नाही.

वापरपुस्तिका ही आपल्या प्रशासनाला नवी वस्तू आहे, असे मात्र समजू नये. यादवकालीन हेमाद्रीच्या नावावर 'मेस्तक' प्रसिद्ध आहे. पत्रे व कागद कसे लिहावेत याचे नियम सांगणारी ती परंपरा होय. महसूल खात्यात जे मुरले आहेत, त्यांना 'अँडरसन मॅन्युअल' हे नाव उच्चारताच काय ते समजते. मुंबई इलाख्यातील अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने गाव व तालुका पातळीवरील महसुली हिशेबांची जी पुस्तिका सिद्ध केली, तिच्या चौकटीवर आजही गाव नमुना एक ते एकवीस उभे आहेत. सातबारा हा शब्द आपल्या बोलीत इतका रुळला आहे की तो दोन नमुन्यांच्या क्रमांकांचा जोड आहे याची आठवणही राहत नाही. सात नंबर म्हणजे अधिकार अभिलेख, बारा नंबर म्हणजे पिकांची नोंद. एखाद्या पुस्तिकेने दिलेले क्रमांक शेतकऱ्याच्या रोजच्या भाषेत जाऊन बसावेत, याहून मोठे यश पुस्तिका लिहिणाऱ्यास कोणते मिळणार?

हे यश कशामुळे लाभले, याचा विचार करण्याजोगा आहे. त्या परंपरेत प्रत्येक नमुन्याविषयी काही ठराविक प्रश्नांची उत्तरे असतात. ही नोंद कोणी करावयाची, कोणत्या कागदावरून, कोणत्या वेळी, तिची तपासणी कोणी करावयाची, आणि ती पुढे कोणत्या नमुन्यात जाते. फेरफाराचेच पाहा. हक्क संपादनाची खबर आली, नमुना सहामध्ये नोंद धरली, हितसंबंधितांना नोटीस गेली, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, आणि मगच सातबारावर अंमल झाला. टाक कसा धरावा, शाई कोठे सांडू नये, हे त्यात कोणी लिहिले नाही. आजच्या संगणकीय पुस्तिकांचे नेमके उलटे झाले आहे. टाक कसा धरावा हे त्यांत पानोपानी सचित्र असते. नोंद का, केव्हा आणि कशावरून करावयाची, हे मात्र वाचकाने आपले आपण ओळखावयाचे असते.

असे का होते? पुस्तिका लिहिणारा मनुष्य प्रणाली समोर ठेवून लिहितो, काम समोर ठेवून लिहीत नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे जे विभाग दिसतात, त्याच क्रमाने प्रकरणे पाडली जातात. पहिल्या प्रकरणात 'सुविधा', दुसऱ्यात 'मास्टर', तिसऱ्यात 'व्यवहार', चौथ्यात 'अहवाल'. सचिवाच्या डोक्यातील प्रश्न असे नसतात. त्याचा प्रश्न असतो, "कर्जदार सभासद मयत झाला, वारसाच्या नावे खाते कसे करू?" हे एकच काम, पण ते पुरे करण्यासाठी त्याला चारही प्रकरणांत भटकावे लागते. घर बांधणाऱ्या गवंड्याने राहणाऱ्याला विटांची यादी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

परदेशांतही हा दोष फार जुना आहे. १९४६ साली हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या महाकाय गणनयंत्राचा पाचशेहून अधिक पृष्ठांचा वापरग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लेखनाचा मोठा भार ग्रेस हॉपर या विदुषीने उचलला होता. तो ग्रंथ गणितज्ञांनी गणितज्ञांसाठी लिहिलेला असल्याने त्याचा आकार कोणाला खुपला नाही. पुढे संगणक कचेरीतील लिपिकाच्या मेजावर आला, तरी ग्रंथांचा आकार आणि थाट तोच राहिला. १९८० नंतरच्या दशकात आय.बी.एम. कंपनीतील संशोधक जॉन कॅरोल यांनी कचेरीतील नवशिक्या माणसांना पुस्तिका हाती देऊन काम करताना पाहिले. पुस्तिका क्रमाने वाचून मग काम करणारा मनुष्य त्यांना क्वचितच आढळला. माणसे वाचण्याआधीच बटने दाबतात, चुकतात, आणि चुकल्यावर पुस्तिका उघडतात. कॅरोल यांनी मूळ पुस्तिकेच्या निम्म्याहून कमी लांबीची, केवळ खऱ्या कामांवर बेतलेली आणि चुकीतून बाहेर पडण्याचा मार्ग सांगणारी पुस्तिका तयार केली, आणि तिच्या वाचकांनी काम अधिक लवकर आत्मसात केले. १९९० च्या त्यांच्या 'द नर्नबर्ग फनेल' या ग्रंथात हा सर्व प्रपंच आला आहे. वापरकर्त्यांसाठीच्या लेखनाचे आंतरराष्ट्रीय मानकही २००८ साली निघाले आणि २०२२ मध्ये ते नव्याने सुधारले गेले. 'लिहिण्यापूर्वी वाचक कोण आणि त्याचे काम काय, याचा शोध घ्या' हीच त्याचीही पायाभूत अपेक्षा आहे. आपल्याकडे अडचण अशी की पुस्तिकेचे काम प्रकल्पाच्या अगदी अखेरीस, पैसा आणि उत्साह दोन्ही संपत आल्यावर, कोणातरी कनिष्ठ माणसावर सोपविले जाते.

आता नियोजनाकडे वळतो. लेखणी उचलण्यापूर्वी लेखकाने सेवा संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसावे. एक दिवस पुरणार नाही. कर्जवाटपाचा एक दिवस, वसुलीचा एक दिवस, खतविक्रीच्या गर्दीचा एक दिवस आणि मार्चअखेरचा एक दिवस, असे निदान चार दिवस त्याने केवळ पाहावे. कोण येतो, काय विचारतो, सचिव कोणती वही आधी उघडतो, कोणता आकडा पाटीवर किंवा हातावर लिहून ठेवतो, हे टिपावे. सचिवाने हातावर लिहिलेला आकडा हा फार बोलका असतो. प्रणाली जेथे त्याला तोच आकडा दोनदा विचारते किंवा एका पडद्यावरचा आकडा दुसऱ्या पडद्यावर दाखवीत नाही, नेमके तेथेच तो हातावर लिहितो.

अशा निरीक्षणाचे महत्त्व सांगण्यासाठी वारणेचे उदाहरण देण्यासारखे आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराच्या सुमारे सत्तर गावांत १९९८ साली संगणक केंद्रांचा एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प सुरू झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असे अनेक हेतू त्यामागे होते. कालांतराने अभ्यासकांनी केंद्रांत जाऊन पाहिले, तेव्हा या संगणकांचा मुख्य उपयोग कारखान्याशी संबंधित ऊसनोंद, तोड आणि वजन यांच्या माहितीची देवघेव एवढ्यापुरताच होत असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईल संदेशांवर तेच काम करून पाहण्याचा प्रयोग झाला. पुस्तिकेच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की, प्रणालीत शंभर सोयी असल्या तरी पंधरा-वीस कामे अशी असतात की ज्यांवर संस्थेचे वर्ष चालते. ती कामे हुडकून काढावीत आणि पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पाने त्यांना द्यावीत. उरलेल्या सोयींची नुसती यादी दिली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

या कामांचा क्रमही सचिवाच्या वर्षाप्रमाणे असावा. खरिपापूर्वीचे कर्जवाटप, हंगामातील खत-बियाण्यांची विक्री, गळीत सुरू झाल्यावर उसाच्या बिलातून होणारी वसुली, मार्चअखेर, लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभा. असा क्रम ठेवला म्हणजे आज कोणते पान लागेल हे सचिवाला अनुक्रमणिका न पाहताही कळते.

लिहावे कोणी? प्रणाली तयार करणारा तंत्रज्ञ एकटा हे काम करू शकत नाही; त्याला सारेच सोपे वाटते. अनुभवी सचिव एकटा करू शकत नाही. त्याला सारेच ठाऊक असल्याने काय सांगावयास हवे ते सुचत नाही. भाषेचा माणूस एकटा बसला तर परिच्छेद सुबक होतील, पण व्याजाची आकारणी चुकेल. या तिघांना एका मेजाभोवती बसविणे हेच खरे नियोजन होय. लेखणी मात्र एकाच्याच हाती असावी. तीन हातांनी लिहिलेली पुस्तिका वाचताना वाचकाला तीन माणसे एकदम बोलत असल्याचा भास होतो. या कामात शिक्षकांचा उपयोग करून घेता येईल असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ठाऊक नसलेल्याला पायरीपायरीने समजावून देणे हा शिक्षकांचा व्यवसाय आहे. शिवाय शाळांची माहिती निरनिराळ्या प्रणालींत भरून भरून त्यांना वाईट पुस्तिकांची जी ओळख झाली आहे, तीही वाया जाऊ नये.

यापुढचा प्रश्न भाषेचा. त्यावर थोडे अधिक बोलण्याची परवानगी घेतो, कारण पुस्तिका बहुधा येथेच फसते.

सेवा संस्थेच्या कीर्दीत सभासदाने भरलेली रक्कम डाव्या बाजूस 'जमा' पडते. हे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. प्रणालीच्या रोकड खात्यात तीच रक्कम 'डेबिट' या सदरात दिसते. पुस्तिकेच्या शेवटी शब्दसूची असते. तीत डेबिट म्हणजे 'नावे' असे दिलेले असते. सचिव बुचकळ्यात पडतो. रक्कम आली आहे, ती नावे कशी? वस्तुतः दोन्ही बरोबर आहे. कीर्दीतील 'जमा' हे सभासदाच्या खात्याला उद्देशून आहे आणि पडद्यावरील 'डेबिट' हे संस्थेच्या रोकड खात्याला उद्देशून आहे. व्यवहार एकच, खाती दोन. कीर्दीचे एक पान आणि त्याच व्यवहाराचा पडदा शेजारी शेजारी छापून हे चार वाक्यांत सांगता येते. शब्दाला प्रतिशब्द ठेवून भागत नाही. जुन्या वहीतील कोणती जागा नव्या पडद्यावर कोठे गेली, हे दाखवावे लागते. असा जुन्या-नव्याचा तक्ता पुस्तिकेच्या पहिल्या दहा पानांत यावा, असा माझा आग्रह राहील.

प्रतिशब्दांचा वाद आपल्याकडे नवा नाही. शिवकाळात रघुनाथपंतांच्या हातून 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि सुमारे १,४०० फार्सी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. त्याची त्या वेळी 'बदनाम कोश' म्हणून थट्टाही झाली. त्यातील अनेक शब्द पुढे रुळले; काही रुळले नाहीत. पुस्तिकेच्या लेखकाने या वादात बाजू घेण्याचे कारण नाही. त्याने एकच पथ्य पाळावे : पडद्यावर जो शब्द छापलेला दिसतो, तोच पुस्तिकेत जसाच्या तसा यावा. पडद्यावर 'सबमिट' असेल तर पुस्तिकेत 'सबमिट' हेच लिहावे आणि त्याचा अर्थ एकदा सांगावा. पडद्यावर एक, पुस्तिकेत 'सादर करा', प्रशिक्षकाच्या तोंडी 'पाठवा' आणि शेजारच्या संस्थेच्या सचिवाकडून ऐकलेले 'सेव्ह', असे चार शब्द झाले म्हणजे वाचकाला चार निरनिराळी बटने असल्यासारखे वाटते. मराठी शब्द हवा असेल, आणि तो हवाच, तर तो आधी पडद्यावर आणला पाहिजे. पुस्तिकेचा लेखक प्रणाली तयार होत असतानाच बोलावला, तर हे साधते. नंतर बोलावला तर त्याच्या हाती केवळ शब्दसूची उरते.

लेखनातील बारकावेही दुर्लक्षून चालत नाहीत. आपल्या या गावाचेच नाव घ्या. 'राहाता' असेही लिहितात आणि 'राहता' असेही. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावे आहेत. शोधाच्या चौकटीत एका कान्याचा फरक पडला की 'माहिती उपलब्ध नाही' असा निरोप येतो. सभासदांच्या नावांतही हेच. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षर यांत फरक पडला की एकाच माणसाची दोन खाती तयार होण्याचा संभव असतो. जुन्या नोंदी भरताना नाव कोणत्या कागदावरून घ्यावे, सातबारावरून, आधारपत्रावरून की संस्थेच्या सभासद नोंदवहीवरून, याचा निर्णय संस्थेच्या पातळीवर आधी व्हावा आणि तो पुस्तिकेत ठळक टाइपात छापावा.

यानंतर चुकांचे प्रकरण येते. 'चूक झाल्यास' हा भाग मी पुस्तिकेचा प्राण समजतो. तो बहुधा वगळलेला असतो, कारण आपल्या प्रणालीत चूक होऊ शकते हे छापणे तयार करणाऱ्यांना अप्रशस्त वाटते. कागदाच्या वहीत चूक झाली तर सचिव तिच्यावर एक रेघ मारतो, मूळ आकडा वाचता येईल अशी. बाजूला बरोबर आकडा लिहून सही करतो. संगणकात हे कसे करावयाचे? नोंद पुसता येते की नाही? दिवस बंद करण्यापूर्वीची दुरुस्ती आणि दिवस बंद केल्यानंतरची दुरुस्ती यांत फरक काय? दिवस बंद झाला असेल तर उलट नोंद करावी लागते. ती कोणाच्या मंजुरीने करावयाची? रक्कम चुकीच्या सभासदाच्या खात्यात गेली, पण तेवढ्यात त्या सभासदाला त्याचा दाखलाही देऊन झाला, तर काय? प्रत्येक चुकीसाठी तीन गोष्टी द्याव्यात. पडद्यावर जो निरोप दिसतो त्याचे जसेच्या तसे शब्द, त्याचा साध्या भाषेतील अर्थ, आणि त्यानंतर करावयाची कृती. इंग्रजी निरोप असेल तर तो देवनागरीत लिहून द्यावा, म्हणजे दूरध्वनीवरून साहाय्यकाला तो वाचून दाखविता येतो. आणि एक वाक्य अवश्य असावे : कोणत्या परिस्थितीत स्वतः काहीही न करता वरिष्ठांना कळवावयाचे. भीतीपोटी बटने दाबत गेल्याने मूळ चुकीपेक्षा मोठी चूक होते.

मसुदा तयार झाला की त्याची परीक्षा घ्यावी. ज्यांनी तो लिहिला त्यांनी वाचून समाधान मानणे ही परीक्षा नव्हे. ज्या सचिवाने ही प्रणाली कधी पाहिलेली नाही, अशा दुसऱ्या गावच्या सचिवाला बोलवावे, पुस्तिका हाती द्यावी, आणि सांगावे, "या सभासदाला अमुक रकमेचे कर्ज मंजूर झाले आहे, याची नोंद करा." मग लेखकाने शेजारी बसून तोंड बंद ठेवावे. हे तोंड बंद ठेवणे सर्वांत अवघड असते. सचिव जेथे थांबला, मागे पान उलटले, किंवा डोके खाजवले, तेथे पेन्सिलीने खूण करावी. अशा पाच माणसांच्या खुणा एकाच ओळीवर पडल्या तर ती ओळ पुन्हा लिहावी. याला खर्च म्हणावा असा खर्च येत नाही.

छपाईविषयी थोडक्यात सांगतो. अक्षर मोठे असावे. सचिवांतील अनेकांना चाळिशी लागलेली आहे. पुस्तिका टेबलावर उघडी राहिली पाहिजे, आपोआप मिटता कामा नये. पडद्याची चित्रे गरजेपुरतीच असावीत, पण जी असतील ती स्पष्ट असावीत. काळवंडलेल्या छायाप्रतीतील चित्रापेक्षा दोन ओळी बऱ्या. पाने सुटी घालता-काढता येतील अशी बांधणी मला अधिक पसंत आहे, आणि त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्याच वर्षी तलाठी हे पद 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आणि ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तिकांत जिल्ह्यांच्या यादीत 'अ' खाली जे नाव दाखविले असेल, ते नवी यादी आलेल्या पडद्यावर सापडणार नाही. अर्ज कोणाकडे जातो हे दाखविणाऱ्या आकृतीतील पदनामेही जुनी ठरली. अनुभवी माणूस हे मनातल्या मनात दुरुस्त करतो. नव्याने रुजू झालेला मात्र अडतो. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि महिना असेल, तर बदललेली चार पाने पाठवून काम भागते. अन्यथा सबंध पुस्तिका पुन्हा छापावी लागते, म्हणजे व्यवहारात ती छापलीच जात नाही.

हे सर्व सेवा संस्थांपुरते आहे, असे पंचायत सदस्यांनी समजू नये. ग्रामपंचायतींचे हिशेब २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे नमुना एक ते तेहेतीसमध्ये ठेवले जातात आणि २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज ही प्रणालीही आली आहे. नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हा गावात सर्वाधिक विचारला जाणारा कागद. तो संगणकातून काढून दिला जातो तेव्हा त्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ सदस्यांना तरी सांगता आला पाहिजे. मासिक सभेत प्रणालीतून छापलेला जमाखर्च पुढे येतो आणि सदस्य सही करतात. त्यांच्यासाठी वेगळी, आठ पानांची पुस्तिका हवी. तीत बटने नकोत. छापून आलेला अहवाल कसा वाचावा आणि त्यावर कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच हवे. पडद्यासमोर न बसणारा माणूस हाही प्रणालीचा वापरकर्ता असतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती प्रणाली गेल्याचे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून पिकाची नोंद आणि छायाचित्र पाठविण्याची ही पद्धत सुरू झाली. बारा नंबरला होणारी नोंद, जी पूर्वी तलाठी करीत असे, ती मूळ धन्याच्या हाती आली. पुढच्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. चुकीला वाव ठेवणे म्हणजे काय, याचा हा चांगला नमुना आहे. परंतु ही ४८ तासांची सोय ज्याला ठाऊक नाही त्याला तिचा उपयोग शून्य. शेतात उभ्या असलेल्या माणसाला चाळीस पानांची पुस्तिका देऊन भागणार नाही. त्याला एका बाजूस छापलेला, खिशात मावणारा, पाण्याने न भिजणारा एक कागद हवा. पायऱ्या पाच-सहा असाव्यात आणि तळाशी ठळक अक्षरांत 'चूक झाली? दोन दिवसांत अशी दुरुस्त करा' एवढे असावे. पेरू आणि सोयाबीन एकाच गटात असतील, एका खात्यात तीन भाऊ असतील, विहीर एकाच्या नावावर आणि पाणी दोघांचे असेल, अशा येथील नेहमीच्या अडचणींची उत्तरे त्याच्या मागील बाजूस तालुक्याच्या पातळीवर छापता येतील. मुंबईत वा पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत ती येण्याची शक्यता नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

शेवटची बाब व्यवहाराची आहे. कोणतीही संस्था, कारखाना वा पंचायत स्वतःसाठी एखादी प्रणाली विकत घेते, तेव्हा करारनाम्यात यंत्रांची संख्या, हमीची मुदत, देखभालीचा दर हे सर्व असते. पुस्तिकेविषयी 'आवश्यक ते साहित्य पुरविण्यात येईल' एवढे एक मोघम वाक्य असते. त्याऐवजी चार कलमे घालून घ्यावीत. पुस्तिका मराठीत असेल आणि संस्थेच्या कामांच्या क्रमाने असेल. संस्थेच्या दोन कर्मचाऱ्यांकडून तिची प्रत्यक्ष चाचणी झाल्याखेरीज अखेरचा हप्ता दिला जाणार नाही. प्रणालीत बदल झाल्यास बदललेली पाने ठराविक दिवसांत मिळतील. आणि पुस्तिकेत भर घालण्याचा, ती पुन्हा छापण्याचा हक्क संस्थेचा राहील. हे चौथे कलम मिळविण्यास थोडी ओढाताण करावी लागते, परंतु तेच सर्वाधिक उपयोगाचे आहे. कारण पुस्तिकेच्या अखेरीस जी दहा कोरी पाने ठेवावयाची, त्यांवर सचिव आपल्या हस्ताक्षरात अडलेल्या जागा आणि सापडलेले मार्ग लिहीत जाईल. लेखापरीक्षणासाठी दप्तर तालुक्याला येईल तेव्हा त्या पानांच्या छायाप्रती एकत्र कराव्यात आणि पुढील आवृत्तीचे काम त्यांपासून सुरू करावे.